हवेची पेटी

तुम्ही तिचा गळा आवळून विकलीत. हे कुणीतरी तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं. तुम्ही जे कोण असाल ते, काचेच्या इमारतीत बसून कुणाच्या छातीत किती हवा जावी ते ठरवणारे...

चिमटीतला पितळी दाणा मिथुनने दारातल्या उजेडाकडे धरला. चवळीएवढा दाणा, आणि त्याच्या मधोमध भोक, सुईसुद्धा अंग चोरून जाईल एवढं. ह्याला जेट म्हणायचं. ह्याच्यातून पेट्रोल यायचं, आणि सीटखालच्या काळ्या प्लास्टिकच्या पेटीतून हवा. त्या पेटीला झाकण, झाकणाला बोटभर नाकपुडी, नाकपुडीच्या आत घड्याघड्यांचा कागदी फिल्टर. म्हणजे आधी नाक चिमटीत धरायचं, त्यावर रुमाल दाबायचा, रुमालावर हात ठेवायचा, आणि मग म्हणायचं, पळ! सव्वादोनशे सीसीचं इंजिन आणि पळणं असं, की डोक्यावरून गोधडी घेतलेल्या माणसाने जिना चढावा. जाहिरातीत मात्र तीच पिवळी गाडी डोंगर कापत चाललेली, पोराचं जाकीट वाऱ्यावर फडफडतंय... तेव्हा तो कॉलेजात होता, आणि मासिकातलं ते पान फाडून त्याने कारखान्याच्या भिंतीला, गणपतींच्या रांगेच्या वर चिकटवलं होतं. गाडी हातात आली ती पार लग्नानंतर, सेकंडहॅन्ड, तुम्ही ती बनवायची बंद करून टाकल्यावर. पहिल्याच दिवशी वडखळच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर मूठ पिळली आणि त्याला कळलं, हिच्या आत दम आहे, पण बाहेर येऊ देत नाहीत. लोकांना हे आयुष्यभर कळत नाही, त्याला एका मुठीत कळलं.

तो मूळचा जेट त्याने फेकला नव्हता. रंगाच्या रिकाम्या डबीत घालून खिडकीत ठेवला होता. पुरावा म्हणून. दुखऱ्या दाढेकडे जीभ पुन्हा पुन्हा जावी तसा त्याचा हात त्या डबीकडे जायचा. पण आज सकाळी हात गेला तो वेगळ्या कारणाने. किक मारली तर पाय लोण्यात गेल्यासारखा सरळ खाली गेला, इंजिनात दाबच नाही. जिच्या किकने एके काळी उलटून त्याची पोटरी सोलून काढली होती, तीच ही. बऱ्याच लाथांनंतर ती जागी झाली, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघून मूर्तींच्या रांगांतून हिंडायला लागला.

"मिथुन, धूर कसला रं तो?" आतून आप्पा. कमळाकर आप्पा, त्याचे वडील. त्यांच्या हातची डोळ्यांची आखणी पेणातले जुने लोक अजून लांबून ओळखतात. "देवांच्या तोंडावर सोडतोस. काळे पडतील."

"रंग कुठं दिलाय अजून? पांढरेच हायत."

"पांढऱ्यावरच तर डाग दिसतो, बाबा."

कारखाना म्हणजे काय, पुढे लांबट शेड, मागे दोन खोल्या, मध्ये एक दार. शेडमध्ये गुडघ्याएवढे, कमरेएवढे, छातीएवढे गणपती, साच्यातून काढून वाळलेले, बिनडोळ्यांचे. फाल्गुनातलं कोरडं ऊन पत्र्यावर चढायला लागलं होतं आणि घासणारे कामगार ओळीने बसले होते. पाणीपेपर, कोरडा पेपर, फडकं. खस्स खस्स खस्स. त्या आवाजात तो जन्मला होता. तो आवाज थांबला की त्याला बहिरं झाल्यासारखं वाटायचं. प्लास्टरची पूड उडायची आणि खाली बसायची नाही, नुसती तरंगत राहायची, आणि दारातून उन्हाची तिरीप आली की त्या तिरपीला जाडी यायची. दरवर्षी प्लास्टरवर बंदी येणार म्हणून ऐकायचं, दरवर्षी पोती उतरायची. ठरवणारे कुठेतरी दुसरीकडेच, इथे नुसतं घासायचं.

"जाणार हायस ना आज तिकडं?" आप्पांनी विचारलं.

"जातोय."

"काय सांगणार तिला?"

त्याने जेट डबीत टाकला. डबी खिशात.

"सांग, आप्पा बोलले, सवय होते. जन्म गेला माझा ह्याच्यात. देवाच्या अंगची धूळ हाय ती, अंगाऱ्यासारखी. मला काय झालं?"

आणि मग त्यांचा तो खोकला. लांब, खालून उपसून काढलेला, भिंतीवर मुठी मारल्यासारखा. खोकून झालं की आप्पा तांब्यातलं पाणी पितात आणि मधे काही घडलंच नाही अशा तोऱ्यात ब्रश उचलतात. घासणाऱ्यांपैकी पुंडलिकने मान वर केली, मिथुनकडे पाहिलं, डोळे मिचकावले. "झाला अंगारा लावून," तो पुटपुटला, आणि पुन्हा खस्स खस्स.

मिथुनने दुसऱ्यांदा आंघोळ केली. नखांखाली ब्रश फिरवला, कान धुतले. धुवायला बाहेर दिलेला, बाहेरच वाळलेला आणि पिशवीत बांधून ठेवलेला शर्ट त्याने शेडच्या बाहेर, रस्त्यालगत उभं राहून घातला. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

म्हणजे गोष्ट एवढीच होती. भाविका, त्याची बायको, गेल्या पावसाळ्यापासून रोह्याला चिकटून असलेल्या वरसे गावात एका खोलीत राहत होती आणि दातांच्या एका दवाखान्यात काउंटरवर बसत होती. भांडून गेली नव्हती. श्वास घ्यायला गेली होती. शेजारची खोली आता रिकामी होत होती, आणि घरमालकीण विमलबाई विचारत होत्या, दोघं राहणार असाल तर तुमच्यासाठी धरून ठेवते, नाहीतर दुसऱ्याला देते. "आज ये नि तोंडाने सांग," भाविका म्हणाली होती. "फोनवर तू 'बघू' म्हणतोस. तुझं 'बघू' मला पाठ झालंय. आजचं 'बघू' म्हणजे नाय, असं मी समजणार. मग पुन्हा नाय विचारणार, मिथुन."

प्रश्न असा होता, पेण की वरसे. आणि मिथुनचं उत्तर असं होतं, की गाडी.

हे उत्तर त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मोठ्याने बोललं असतं तर कदाचित हसू आलं असतं. पण मनातल्या मनात ते इतकं नीट बसत होतं, बोटाला अंगठी बसावी तसं. आप्पांना सोडायचं नाही. डोळे आखायला त्यांचा हात आहे, पण साचे उचलायला कोण? भाविकाला सोडायचं नाही. मग उरतो रस्ता. रस्ता लहान करायचा. दिवसभर पेणात घासायचं आणि संध्याकाळी मूठ पिळून वरसेला पोचायचं, सकाळी परत. लोक लांबलांबून कंपनीत शिफ्टला येतात, तसं. त्याला फक्त दम हवा. गाडीला. म्हणून त्याने तिला मोकळं करायला घेतलं.

रोह्याच्या जगनने, जो गॅरेजवाला कमी आणि बोलघेवडा जास्त, त्याला पहिला धडा दिला. "शेठ, इंजिन म्हणजे छाती. हवा आत, धूर बाहेर. दोन्ही दारं मोकळी केलीस की घोडा तयार." मग काय, मोठ्या भोकाचा जेट बसला. सायलेन्सरच्या पोटातल्या जाळ्या निघाल्या. पुढचं चक्र एका दाताने लहान झालं, म्हणजे उठताना गाडी मागचा माणूस पाडेल. मागे बसायला माणूस नव्हता ही गोष्ट वेगळी. आणि ती काळी पेटी... ती पेटी त्याने उपटून काढली, झाकणासकट, नाकपुडीसकट, आणि कार्बोरेटरच्या तोंडावर जगनने आणून दिलेला लाल स्पंजाचा उघडा शंकू चढवला. शंकूला तेल लावून ठेवायचं असतं असं डब्यावरच्या चित्रात होतं. तेल लावून बघितलं, तर गाडी जराशी जड वाटली. धुऊन काढलं. कोरडाच बरा. कोरड्यातून वारं कसं सरळ जातं.

आणि आतला रस्ता, कार्बोरेटरपासून इंजिनाच्या काळजापर्यंतची ती वाकडी धातूची नळी, ती त्याने जगनला हातसुद्धा लावू दिली नाही. ते काम त्याचं होतं. सोंडेचा आतला वळसा घासतात तसं बोटाला पाणीपेपर गुंडाळून, डोळे मिटून, अंगठ्याने उंचवटा शोधत, ओतकामाची प्रत्येक खरबड बसवत... संध्याकाळ-संध्याकाळ तो ते करत बसायचा, आणि त्या वेळी त्याला कुणाची आठवण यायची नाही. नाही, खोटं. यायचीच. पण ती बोटांच्या टोकांत यायची, छातीत नाही. गुळगुळीत होत जाणाऱ्या त्या अंधाऱ्या वळणाला तो मनातल्या मनात म्हणायचा, बघ, आता अडणार नाही. कुणाला म्हणत होता, देव जाणे.

गाडी पेणच्या बाहेर पडली. तिसरा गिअर, चौथा. वडखळपर्यंत ती बरी ओढत होती. कुरकुरत, पण ओढत होती, आणि हेल्मेटच्या आत त्याने तिच्याशी बोलायला सुरुवात केली, चल गो, आज नको, आजच्या दिवस नको. हायवेवर तेच ते कायमचं चाललेलं काम, अर्धा रस्ता सिमेंटचा, अर्धा मातीचा, मध्ये तोंड रंगवून घेतलेल्या बाहुल्यांसारखे लाल-पांढरे ड्रम. तोही कुणीतरी ठरवलेला रस्ता, आणि ठरवणारा इथून कधीच जात नसणार.

पण एकदा, जेट बदलला, पेटी काढली आणि पहिल्यांदा ह्याच रस्त्यावर आला ती संध्याकाळ... ती संध्याकाळ कुणी हिरावून घेऊ शकत नाही. मूठ पिळली आणि ती नुसती गेली. आवाज बदलला, घोगरा होता तो सोलून मोकळा झाला, टाकीखालून हवा ओढल्याचा हुंकार यायला लागला, आणि त्याला वाटलं, हे मी केलं. माझ्या अंगठ्याने. बारावीत नापास झालेल्या, पेणाबाहेर कुणी नावाने न ओळखणाऱ्या माणसाने काचेच्या इमारतीतल्या सगळ्यांनी मारलेली गाठ सोडवली. तो हेल्मेटच्या आत ओरडला होता. आणि ओरडून झाल्यावर कुणाला तरी सांगावं म्हणून त्याने आरशात पाहिलं होतं, मागच्या सीटवर, सवयीने. आरशात रिकामी सीट आणि लांब होत चाललेला रस्ता.

कासू आलं. उजव्या अंगाला, रेल्वेच्या पलीकडे, खाडीकडे उतरत गेलेली जमीन. तिकडचंच तिचं गाव. भाविका मिठागरवाल्यांची. तिचे वडील मीठ ओढायचे, आजाही तेच. लग्नाआधी एकदा ती त्याला बांधावर घेऊन गेली होती आणि मिठाच्या ढिगाजवळ उभी राहून म्हणाली होती, "आमचं पांढरं नि तुमचं पांढरं. बघ, जमतं का." आणि हसली होती. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात, छाती शिट्टीसारखी वाजायला लागल्यावर, तिनेच ते वाक्य फिरवून घेतलं. "आमचं पांढरं डोळ्यात जातं, पायाला फोडतं, पण छातीत नाय शिरत. तुमचं छातीत जाऊन बसतं. पाहुण्यासारखं. उठतच नाय." पाहुण्यासारखं! त्याला तेव्हा हसू आलं होतं. ती हसत नव्हती.

मग डॉक्टरकडे जाणं झालं, मग पंप आला. निळा, मुठीत मावणारा. तोंडात धरून दाबायचा, आणि दाबला की ती डोळे मिटून थांबायची, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

आणि परवा... परवा म्हणजे मागे, संक्रांतीच्या सुमाराला, तो वरसेला गेला होता तेव्हा. खोलीला मोठी खिडकी, खिडकीबाहेर शेत, वालाचे वेल. ती बरी दिसत होती, गालावर मांस आलेलं. त्याने मागून जाऊन तिला जवळ घेतलं. ती वळली, तिने डोकं त्याच्या खांद्यावर ठेवलं, क्षणभर, दोन क्षण, आणि मग तिचं अंग ताठरलं. तिने हळूच, अगदी हळूच त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला लांब केलं, आणि दुसरा हात उशाखाली पंप शोधायला गेला. "तुझ्यामुळं नाय," ती श्वास परत आल्यावर म्हणाली. "शर्टामुळं." नंतर थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, "केसांत पण हाय तुझ्या. तू धुऊन येतोस, तरी हाय. तू रोज येशील, मिथुन, गाडी कितीपण जोरात चालव, रोज तेच घेऊन येशील."

तो परत निघाला तेव्हा त्याच्या मनात एवढंच होतं, की 'रोज येशील' असं ती म्हणाली. पुढचं वाक्य त्याने रस्त्यात कुठेतरी सांडून टाकलं.

नागोठण्याहून गाडी रोह्याच्या रस्त्याला वळली. पुढे भिसे खिंड. ऊन आता डोक्यावर, झाडं निम्मी नागडी, पळसाला मात्र आग लागलेली. चढ सुरू झाला आणि मुठीत काहीतरी ढिलं पडलं. म्हणजे मूठ पुढे गेली आणि गाडी मागेच राहिली. आवाज चढत होता, अंगात काही येत नव्हतं. चौथा काढून तिसरा, तिसरा काढून दुसरा. आरशात निळा धूर, आणि धुरात मागच्या गाड्या. एक टेम्पो हॉर्न मारत निघून गेला. मग एक स्कूटी... दोघी बायका, मागचीच्या मांडीवर वालाच्या शेंगांची गोणी. अगदी बाजूला येऊन त्याच्याबरोबर चालली, जणू गप्पा मारायच्या आहेत.

"काय रं भाऊ," मागची ओरडली, "आवाज विमानाचा नि चाल म्हशीची?"

"म्हैस बरी, शांते," पुढची म्हणाली, "धूर तरी नाय सोडत!" आणि दोघी खिदळत पुढे गेल्या, गोणीसकट, त्याच चढावर.

तो बाजूला थांबला. इंजिन त्याने बंद केलं नाही, तेच मिटलं. शांतता एकदम अंगावर आली. कुठेतरी कोतवाल पक्षी, खाली लांब कुणीतरी लाकूड फोडतंय. हेल्मेट काढलं तर कानात अजून घुमत होतं.

सीट उघडली. लाल शंकू आता लाल नव्हता. त्याने तो ओढून काढला, दाबला, आणि कार्बोरेटरच्या उघड्या तोंडात बोट घातलं. घालायला नको होतं. न घालता जगनकडे ढकलत नेली असती तर जगन म्हणाला असता, शेठ, पेट्रोलच भेसळीचं, आणि त्याने मान डोलावली असती, आणि शिव्या घालायला कुणीतरी मिळालं असतं.

बोट बाहेर आलं ते राखाडी-पांढरं.

रस्त्याची धूळ, तो स्वतःशी म्हणाला. हायवेची. सिमेंटची. पण अंगठा आपोआप बोटावर फिरला होता, आणि अंगठ्याला खोटं बोलता येत नाही. रस्त्याची माती असती तर खरखरली असती. सिमेंट असतं तर चावलं असतं. शाडू असती तर चिकटून गोळी झाली असती. हे नुसतं सरकत होतं, मऊ, रेशमासारखं, सगळ्यात बारीक पेपरने, सगळ्यात शेवटी, देवाच्या गालावरून निघतं ते. त्याने बोट जिभेला लावलं. पेणातलं कारखान्यातलं शेंबडं पोरही हे करतं, आणि चुकत नाही. आधी काहीच नाही. मग ती पूड जिभेला क्षणभर धरून बसते, सोडत नाही. मग गार होते.

प्लास्टर.

किती संध्याकाळी शेडमध्येच, मूर्तींच्या मधोमध गाडी उभी करून तो जेट जुळवत बसला होता, मूठ पिळत, कान देत. बाजूला घासकाम चालू, तिरपीला जाडी आलेली, आणि हिचं तोंड सताड उघडं. कोरडं. वारं कसं सरळ जात होतं. त्याने घासून गुळगुळीत केलेल्या त्या वळणातून, न अडता, न अडखळता... पूड आणि तेल मिळून आत लेप झाला असणार, पिस्टनच्या रिंगा खाल्ल्या असणार, सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे. प्रत्येक फेरीला आतून घासली जात होती ती. पाणीपेपरने घासावी तशी. आणि तो हुंकार, टाकीखालून यायचा तो, ज्याच्यावर तो जीव टाकत होता...

मी फक्त तिला मोकळं केलं, त्याच्या मनात आलं. मी तिच्यावरचं ओझं काढलं. मला कोणी सांगितलं नाही!

खरंच, तुम्ही सांगितलं का नाहीत? एवढी मोठी काळी पेटी बसवलीत, तिच्यावर मोठ्या अक्षरात एवढं नाही लिहिता आलं, की बाबा रे, हे नाक दाबलेलं नाही, हा पदर आहे? पदर...

आणि मग तो थांबला, कारण पदर हा शब्द त्याने शोधला नव्हता. तो आपला आला होता, आणि येताना एक ओली साडी घेऊन आला होता.

जुनी, जांभळ्या काठाची, त्याच्या आईची. आई गेल्यावर कपाटात पडलेली. भाविकाने ती भिजवून, पिळून शेड आणि खोलीच्या मधल्या दारावर टांगली होती, आणि दुसरी खिडकीवर. दिवसातून किती वेळा भिजवायची ती. संध्याकाळी साडी काढून धुवायची तेव्हा बादलीतलं पाणी दुधासारखं. घरात अंधार, ओलसर वास, पंख्याचं वारं अडलेलं, वैशाखातली तलखी. त्या दिवशी तो घामेजून आत आला. डोकं फिरलेलं, कशावरून ते आता आठवतही नाही. त्याने एका हाताने साडी ओढून काढली. दांडीसकट. "घर हाय की बंद पेटी ही? गुदमरायला झालंय. जरा श्वास घेऊ दे की घराला!" असं तो म्हणाला. नाही, ओरडला. शेडमध्ये खस्स खस्स थांबलं होतं, एवढ्या मोठ्याने. दारातून उन्हाची तिरीप सरळ खोलीत आली, पलंगापर्यंत. जाड तिरीप. भाविका उभी होती. तिने खाली पडलेली साडी उचलली, पिळली, दुमडली, पुन्हा दुमडली, लहान चौकोन होईपर्यंत, आणि कपाटात ठेवून दिली. ओलीच. पुन्हा कधी टांगली नाही. त्याला वाटलं, पटलं तिला.

पटलं तिला! किती दिवस ते दार उघडं होतं त्यानंतर, किती रात्री ती शिट्टी... आणि तो पुढच्या शेडमध्ये बसून ह्याच गाडीचा पत्रा घासूनपुसून चमकवत होता. ऐकू येत होतं की. भिंत पत्र्याची. खस्स खस्सच्या वरून ऐकू येत होतं. मग तो मूठ पिळायचा, आणि ऐकू यायचं बंद व्हायचं.

खिंडीतून वारा आला. वालाच्या वाळक्या वेलांचा, कुठल्या तरी पेटवलेल्या पाचोळ्याचा वास. त्याने आत ओढला. सवयीने छाती भरून ओढला, आणि अर्ध्यावर कुठेतरी अडला, आणि खोकला आला. लांब. खालून उपसलेला. आप्पांचा. त्याने दचकून मागे पाहिलं, जणू आप्पा मागच्या सीटवर बसून आले होते.

खिशात डबी टोचत होती. त्याने ती काढली, जेट तळहातावर घेतला. चवळीएवढा. भोक एवढंसं. त्याच्यातून त्याने खालच्या दरीकडे पाहिलं. झाडं, नदीची रेघ, पलीकडे रोह्याची घरं, आणि त्यांत कुठेतरी वरसे... काही दिसलं नाही. नुसता उजेडाचा ठिपका. त्याला शिवी द्यायची होती. शिवी तोंडात आली आणि जिभेवर पांढरं बसलं होतं तिथे अडकली. कोणाला द्यायची, तेच कळेना. काचेच्या इमारतीत आज कोणी नव्हतं. दिवे चालू, खुर्च्या रिकाम्या.

फोन वाजला. भाविका.

"कुठं हायस रं? किती वेळ झाला. खिंड उतरायला लागलास की आवाज येतो तुझा, आज आलाच नाय."

"खिंडीतच हाय."

"काय झालं? पडलास का?"

"नाय नाय. गाडी..." त्याला 'बंद पडली' म्हणायचं होतं. सोपा शब्द, सगळे म्हणतात. "गाडीला दम लागलाय. छाती भरलीय तिची."

तिच्या मागे विमलबाईंचा आवाज आला, किल्ल्या वाजल्या. "येतोय का तो? मला पुढच्याला कळवायचं हाय गो." भाविकाने फोनवर हात ठेवला असावा, मग हात काढला. खिडकी उघडी असणार, वारा ऐकू येत होता. आणि वाऱ्याच्या आत तिचा श्वास, सरळ, शिट्टीशिवाय. किती दिवसांनी तो ऐकत होता हे. की आज पहिल्यांदाच ऐकत होता.

"मिथुन."

"हां."

"कशानं भरली?"

त्याने बोटाकडे पाहिलं. अंगठा अजून त्यावर फिरत होता, आपला आपण, गुळगुळीत आहे का बघत.

"विमलबाईंना मी थांबवते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्यांना मागून सांगू. आधी मला सांग. गप्प नको बसूस आता, 'बघू' नको म्हणूस. तुझ्या तोंडाने सांग. कशानं भरली तिची छाती?"